हातचा एक

कंगवा हातात देऊन इओलांदा विचारते, "याचं काय करतात?"
दिओलिंदा कंगव्याकडे बघते,
लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तशी:
चेहरा ओळखीचा, नावही ओठांवर,
पण आपला कोण लागतो ते आठवत नाही.
मग तो कॉफीच्या कपात घालते
आणि ढवळते.
नीट. एक थेंब न सांडता.

डॉक्टर म्हणाले, हातांत जोर आहे, समजही शाबूत आहे,
मधला निरोप्या तेवढा वाटेत कुठे बसलाय.
मला पटलं नाही.
लेइशोइंशच्या बंदरात मी सदतीस वर्षं क्रेन चालवली.
तार तुटली तर क्रेन थांबते,
कॉफीत कंगवा घालत नाही.

हातावर पोट होतं आमचं, म्हणजे तिच्या हातांवर;
माझा पगार वाटेतल्या दोन दारूच्या दुकानांतून घरी यायचा.
ती सार्डिनच्या कारखान्यात.
मुंडकं उडवायचं, आतडं ओढायचं, डब्यात निजवायचं,
एकाची शेपूट इकडे, दुसऱ्याची तिकडे,
डब्यात चार, मासे बारीक असले तर पाच.
मोजायची नाही. बोटं मोजायची,
ती शेजारणीशी भांडत असायची.

आता मातुझिन्युशच्या आमच्या न्हाणीघरात
आरशाला सहा चित्रं चिकटवलीत: ब्रश, पेस्ट, नळ...
इओलांदानं बजावलंय, क्रम बदलायचा नाही,
चुकल्यावर नाही, चुकायच्या आधी हात धरायचा.
मी मागे उभा राहतो, माझे हात तिच्या हातांवर,
आणि दोघं मिळून एकाच तोंडाचे दात घासतो.
लग्नात, पाद्र्यासमोरही
इतका वेळ तिचा हात धरला नव्हता.

जूनमध्ये मी हुशारी केली.
दीड डझन ताजी सार्डिन, एक रिकामा डबा,
माळ्यावरचा तिचा निळा ॲप्रन.
वाटलं, डोकं राहू दे बाजूला, हात ओळखतील.
तिनं मासा उचलला, उलटसुलट पाहिला
आणि त्यानं केस विंचरू लागली.
मी हसलो. ती नाही हसली.
खवले तिच्या पांढऱ्या केसांत संध्याकाळपर्यंत चमकत होते,
मला हात लावू देईना.

मग ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावरचा अमादेउ गेला.
चर्चच्या पायऱ्यांवर ती माझ्याकडे वळली
(जीभ तिची वाचली आहे, कृपा म्हणा की कोप):
"असा आलास? मेलेल्याला लाज वाटेल."
आणि तिच्या बोटांनी माझ्या गळ्याचं बटण
काजात सरकवलं, कॉलर बसवली,
वर छातीवर एक थापटी.
सगळे शवपेटीकडे बघत होते,
मी बोटांकडे.
"परत कर ना," मी म्हणालो.
हात हवेत थांबले.
बटण शोधायला निघालेलं एक बोट
माझ्या कानाला येऊन लागलं आणि तिथेच थबकलं.
तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
लोकांना वाटलं, अमादेउसाठी.

"मागितलं की पळतं ते," इओलांदा म्हणाली,
आणि वहीत लिहिलं: बटण. एकदा. आपणहून.

शाळेत बेरजेत मी नेहमी हातचा विसरायचो.
आठ आणि सात पंधरा, पाच मांडले, आणि एक?
मास्तरीणबाई पट्टी उगारून विचारायच्या,
हातचा कुठे गेला रे?
मी खरंच मूठ उघडून बघायचो.

कंगव्याचा सराव चालू आहे. काल पुन्हा कॉफीत गेला.
रविवारी निघताना मी वरचं बटण तसंच ठेवतो,
दारात उभा राहतो, किल्ल्या शोधतो,
ज्या खिशातच असतात.
गेल्या पाच रविवारांत दोनदा.
मी खिडकीबाहेर क्रेनकडे बघत असतो.
काही म्हणत नाही.